सालगड्याचा सातबारा

एकोणिसाव्या शतकातल्या बीड जिल्ह्यातील सालगड्याची वंशावळ काढणे हे काम वाटते तेवढे अवघड नाही. त्याहून बरेच अवघड आहे. राजाची वंशावळ ताम्रपटात सापडते, पाटलाची भाटाच्या जिभेवर असते आणि जमीनदाराची कोर्टात. सालगडी यांपैकी कुठेच सापडत नाही, कारण हे सगळे लिहिले जात होते तेव्हा तो शेतात होता.

सालगडी म्हणजे गुढीपाडव्याला ठरणारा आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होणारा, शेतावरचा वर्षभराचा नोकर. बोलणी चार माणसांदेखत तोंडी होत. मोबदल्यात ठरलेली ज्वारी, घोंगडी, पायताण आणि अंगावरचे कपडे. कामाचे तास ठरवायची पद्धत नव्हती, कारण बैलांचेही तास ठरलेले नसत. या सगळ्या व्यवहारात कागद कुठेच लागत नव्हता आणि वंशावळ काढणाऱ्याला तर पहिल्यापासून कागदच लागतो. त्यात बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून महसुलाची घडी बसवली, पुढच्या दशकात जमिनीची मोजणी सुरू झाली, दफ्तरे भरू लागली. पण ही सारी खटपट सारा गोळा करण्यासाठी होती. ज्याच्याकडून काही येणे नाही, त्याची नोंद ठेवण्याइतके रिकामटेकडे कोणतेच सरकार नसते.

शोधाची सुरुवात अर्थातच घरातून होते. माळवदाच्या घरात कोनाड्याखाली एक पत्र्याची पेटी असते आणि तिची किल्ली हरवलेली असते. कुलूप फोडल्यावर आत सोसायटीच्या कर्जाच्या नोटिसा, पीकविम्याच्या पावत्या, दोन पिढ्यांची रेशनकार्डे आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघतो. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. आजोबांच्या भावाचीही १ जून. चुलत्याचीही १ जून. गावाकडे १ जून हा सामुदायिक वाढदिवस आहे. शाळा जूनमध्ये भरायची. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोरगे सहा वर्षांचे झाले असे ठरे आणि जन्मतारीख तिथल्या तिथे तयार होई. ज्यांचे हात आखूड त्यांचा जन्म वर्षभर लांबे. हा दाखला विसाव्या शतकातला असल्याने सालगडी खापरपणजोबांपर्यंत पोचत नाही, पण त्यावर आजोबांच्या वडिलांचे नाव असते. शोधात हाती लागणारा पहिला आणि बरेचदा शेवटचा ठोस पुरावा हाच.

मग वंशज घरातल्या सर्वांत वयस्कर बाईकडे वळतो. तिला सगळे ठाऊक असते. फक्त ती सांगू शकत नाही, कारण नवऱ्याचे, सासऱ्याचे आणि थोरल्या दिराचे नाव घ्यायचे नसते.

‘आजे, तुमच्या सासऱ्याचं नाव काय होतं?’

‘आगं बया, मामंजीचं नाव घ्यावं व्हय?’

‘वंशावळीसाठी पाहिजे.’

‘शनवारी तेल घालत्यात बघ. त्येचं.’

वंशज वहीत ‘मारुती’ लिहितो. आजेसासऱ्याचे नाव आळंदीला समाधी घेतलेल्याचे निघते. वहीत ‘ज्ञानबा’ येते. त्यापलीकडच्या पिढीत आजी अडते, कारण ते नाव देवाचे नसते. मुले जगत नसत त्या घरात पोराचे नाव दगडू, धोंडू, केरू किंवा उकंडा ठेवत, म्हणजे सटवाईची आणि यमाची नजर पडू नये. यमाच्या बाबतीत उपाय किती चालला ते सांगता येत नाही, पण पुढे दीडशे वर्षे संशोधकांची नजर मात्र या नावांवर ठरत नाही. एका शिवारात पाच दगडू, प्रत्येकाचा बाप धोंडू. त्यात नातवाला आजाचे नाव ठेवायची चाल, त्यामुळे नामा वल्द तुका (म्हणजे तुकाचा मुलगा नामा), तुका वल्द नामा, पुन्हा नामा वल्द तुका अशी माळ लागते आणि मधली एक पिढी गळाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आडनाव तर बहुतेकांना शाळेच्या रजिस्टरनेच दिले. तोवर गावाला माणूस पुरत होता, आडनावाची अडचण कोणाला नव्हती. बायकांची कथा आणखी सोपी: माहेरचे नाव लग्नात गेले, सासरचे नाव कागदावर आले तर ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावापुढे, आणि पुष्कळदा तेही आले नाही.

वय विचारले तर आकडा मिळत नाही, प्रसंग मिळतो. रझाकाराच्या धामधुमीत पाळण्यात होता, मानमोडीत बाप गेला, मोठ्या दुष्काळात आज्याने बैल सोडून दिले. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, आणि ही पद्धत दिसते तेवढी ढिली नाही. सरकारी कागदावरच्या १ जूनपेक्षा मानमोडी कधीही अधिक विश्वासार्ह.

यापुढचा टप्पा तहसील कचेरीतली अभिलेख खोली. नकलेचा अर्ज, तिकीट, सही, दोन फेऱ्या, आणि मग लाल फडक्यात बांधलेला रुमाल समोर येतो. मराठवाड्यात महसुली शोधाचा मुख्य आधार म्हणजे १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, आणि त्याच्या मागे मोजणीच्या वेळचे सेतवार. दोन्हींत सर्व्हे नंबर, आकार, कब्जेदार अशी मांडणी. जमीन आहे तर माणूस आहे. जमिनीशिवाय माणूस असू शकतो ही शक्यता त्या रकान्यांनी गृहीतच धरलेली नाही. वंशजाला सेतवारात मालकाचे नाव सापडते, मालकाची विहीर सापडते, बांधावरची आंब्याची झाडेही सापडतात. ज्याने ती विहीर खांदली आणि ज्याने त्या झाडांना पाणी घातले त्याच्यासाठी तिथे रकाना नाही.

जे आहे ते वाचणे हा वेगळा खटाटोप. गावाकडचा कागद मोडीत. मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. तीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही आणि हात उचलणे कमीपणाचे. वरच्या कचेरीचा कागद आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून उर्दूत. कारकुनाचा हात शिकस्ता वळणाचा असला तर तो नुक्ते गाळतो. नुक्ते गेले की उर्दूत बाबा, नाना आणि ताता हे तिघेही अगदी एकसारखे दिसतात. म्हणजे एकाच ओळीत एका वाचकाला पणजोबा दिसतात, दुसऱ्याला आईचे वडील आणि तिसऱ्याला टाटा. शेवटी जो वाचक कमी पैसे घेतो त्याचे वाचन ग्राह्य धरले जाते.

तारखांची तऱ्हा निराळीच. हैदराबाद संस्थानाचे सरकारी साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष जानेवारीला सुरू होत नाही. ते ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यात सुरू होते आणि दै, बहमन, इस्फंदार करत इराणच्या वाटेने जाते. काजीच्या कागदावर हिजरी साल, जोश्याच्या कागदावर शके, मिशनऱ्याच्या किंवा गोऱ्या अधिकाऱ्याच्या कागदावर इसवी. फसली १३०९ म्हणजे शके १८२१ म्हणजे १८९९-१९००, आणि त्या संवत्सराचे नाव विकारी. त्या एका बाबतीत पंचांगाने आधीच खरे सांगून ठेवले होते, कारण मराठवाड्यातला मोठा दुष्काळ त्याच वर्षी पडला.

दुष्काळ आला की गरीब माणूस सरकारला प्रथमच दिसतो. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेल्यांची मोजदाद होते, अहवाल लिहिले जातात, तक्ते छापले जातात. मात्र तक्त्यात माणूस आकडा म्हणूनच येतो. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सहा लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती पाच लाखांच्या आत आली. उपाशी मेले, साथीत गेले, गोदावरी ओलांडून परागंदा झाले ते सारे या वजाबाकीत आहेत आणि त्यांतला एकही नावानिशी नाही. हैदराबाद संस्थानातली पहिली शिरगणती १८८१ ची. तिच्यात सालगड्याला विचारले गेले, त्याच्या घरातली डोकी मोजली गेली, वय विचारल्यावर त्याने सवयीने पाचाच्या पाढ्यातले काहीतरी सांगितले. बेरजा झाल्या आणि ज्या कागदावर त्याचे नाव होते तो कागद रद्दीत गेला. सरकारला त्याची बेरीज हवी होती, तो नको होता.

इंग्लंडमध्ये याच पेशाच्या माणसाची गत पाहिली की बीडच्या वंशजाला हेवा वाटतो. तिथे चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहिण्याची सक्ती १५३८ पासून आहे. १८४१ च्या शिरगणतीत शेतमजूर इतके निघाले की मोजणी करणाऱ्यांना ‘अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर’ऐवजी ‘अ‍ॅग लॅब’ एवढेच लिहायची मुभा द्यावी लागली. पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचनाही त्याच शिरगणतीतली. तरीही नाव राहिले, आणि शंभर वर्षे झाली की ती पाने लोकांना खुली होतात. यॉर्कशायरचा वंशज घरबसल्या पाच पिढ्या मागे जातो, तिथे त्याला अ‍ॅग लॅब भेटतो, त्याच्यामागे आणखी एक अ‍ॅग लॅब, आणि मग वंशज कंटाळतो. बीडच्या वंशजाला कंटाळण्याची संधी मिळत नाही.

मराठी शेतमजुराची तपशीलवार नोंद हवी असेल तर त्याने समुद्र ओलांडलेला असला पाहिजे. २ नोव्हेंबर १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर उतरू लागले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते, बरेचसे कोकणातले. मळेवाल्याने भाडे भरलेले, त्यामुळे माल नीट मोजून घेतला जाई. नोंदवहीत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, बोट आणि अंगावरच्या खुणा. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून हनुवटीवरचा व्रण लिहिला गेला. आज त्याच व्रणावरून पणतू त्याला ओळखतो. बीडचा सालगडी मात्र पळाला तरी जाऊन जाऊन नगरला जायचा.

देशात राहिलेल्याची इतकी बारीक नोंद ठेवणारा एकच गृहस्थ होता आणि तो म्हणजे सावकार. वंशावळ काढणाऱ्यांनी सावकारावर कितीही तोंडसुख घेतले तरी त्याच्या खतावणीचे उपकार मानावे लागतात. पोरीच्या लग्नाला उचल घेतली, बाप मेला तेव्हा उचल घेतली, बैल मेला तेव्हाही घेतली. म्हणजे घरातल्या साऱ्या मोठ्या घटना तारीखवार, व्याजासकट लिहिलेल्या. कर्ज बापाकडून मुलाकडे चालत येई तेव्हा खात्याच्या माथ्यावर दोघांची नावे येत, आणि वंशावळीला दुसरे काय हवे असते? कर्जखताच्या तळाशी निशाणी असायची. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढी: एक आडवी रेघ, एक तिरपी, टोकाला फाळ. ज्याचा स्वतःचा नांगर नाही असा माणूस नांगराची निशाणी काढून मालकाच्या नांगरामागे आणखी एक साल चालायचे कबूल करी. पुढे अंगठा आला. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या कागदावर पंजाचा ठसा घेतला, आणि ती युक्ती पुढे जगभर चोर आणि कर्जदार या दोघांनाही लागू झाली. सावकाराच्या वह्यांची अडचण एवढीच की त्या सावकाराच्या वंशजांकडे असतात आणि ते त्या दाखवत नाहीत. दाखवल्या तर जुनी बाकी निघेल अशी भीती दोन्ही बाजूंना वाटते.

उचल ही संस्था बीड जिल्ह्यात अजून धडधाकट आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि त्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा आला तर अर्धा कोयता. दोनशे वर्षांनी कोणी या वहीवरून वंशावळ काढायला बसला तर त्याला कोयता वल्द कोयता एवढेच हाती लागेल.

धर्माच्या वाटेने जावे तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. यजमान आला की त्याचे, बापाचे, आज्याचे आणि भावांचे नाव लिहून घ्यायचे, खाली सही किंवा निशाणी. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचे अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने चित्रण करून ठेवले आहे. पद्धत उत्तम, पण यजमानाला तिथवर जावे लागते आणि दक्षिणा द्यावी लागते. सालगडी फार तर आषाढीला पंढरपूरला पायी जायचा, तेही मालकाने पेरणी आटोपल्यावर सोडले तर. आणि विठोबाने आलेल्यांची यादी कधी ठेवलेली नाही. भाट खळ्यावर येऊन वंश वाचतो, पण ज्याचे खळे त्याचा. काही महार घराण्यांची स्थिती कागदाच्या बाबतीत भूमिहीन कुणब्यापेक्षा बरी निघते. गावकी करायचे, त्याबद्दल हाडकी-हाडवळ्याची वतनी जमीन होती, आणि वतन म्हटले की तंटा आला, तंटा आला की अर्ज आला. वेठीने पाठ मोडली, पण त्याच वतनाच्या वादात पाच पिढ्यांची नावे दफ्तरात शिरली. उरला तुरुंग. कैद्याचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव लिहून घेण्याची पद्धत असल्याने पूर्वजाने एखादी मेंढी चोरली असेल तर वंशजाचे भाग्य उजळते. सरळमार्गी पूर्वजाइतका संशोधनाला निरुपयोगी पूर्वज दुसरा नाही.

जुनी नोंद ही चैन नसून गरज आहे, हे मराठवाड्याला सप्टेंबर २०२३ मध्ये एकदम उमगले. आरक्षणासाठी मराठा-कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महसूल, शाळा, तुरुंग, पोलीस अशी सगळी दफ्तरे उघडली. ज्या रुमालांना वर्षानुवर्षे फक्त वाळवीने हात लावला होता त्यांच्याभोवती अधिकारी जमले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या वृद्धांना कचेरीच्या गाड्या न्यायला येऊ लागल्या. घरात ज्यांच्या अक्षरज्ञानाची टिंगल होत असे त्यांना खुर्ची, चहा आणि मानधन मिळाले. समितीने हैदराबादची वाटही धरली, कारण निजामाच्या दिवाणीचे कागद तिथल्या अभिलेखागारात आहेत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यासाठी हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मान्य केला. एरवी आजोबांचे नाव विचारल्यावर छताकडे पाहणारी तरुण मंडळी खापरपणजोबांच्या नावातल्या काना-मात्रेवर वाद घालू लागली. ज्यांच्या पूर्वजाकडे काही बिघे होते त्यांची नोंद निघाली. ज्यांचा पूर्वज सालगडी होता ते रांगेतून घरी आले आणि त्यांनी पुन्हा पत्र्याची पेटी उघडली.

एवढ्या खटपटीनंतर वंशावळ तयार होते ती साध्या कागदावर, प्रतिज्ञापत्रासह. वर एक नाव, खाली बाणांनी मुलगे, त्याखाली नातू, मुली नाहीत. ‘व्यवसाय’ या शब्दापुढे वंशज क्षणभर थांबतो आणि ‘शेती’ लिहितो. सालगडी असे कोणी लिहीत नाही. उलट तोंडी इतिहासात पूर्वजाची शंभर एकर जमीन होती, हे ठरलेले असते. ती भावकीने खाल्ली, सावकाराने गिळली किंवा कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन कोणीतरी लुबाडली. आकडा नेहमी शंभरच. नव्वद एकर गेलेले घराणे अजून सापडलेले नाही.

या शंभर एकरांचा हिशेब करता येतो. आजच्या बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण २६ लाख एकर. बालाघाटचे डोंगर, नद्या, गावठाणे आणि माळरान धरूनही शंभर-शंभर एकरांची २६ हजार घराणी झाली की जिल्हा संपतो. १९०१ ची पाच लाखांच्या आतली माणसे घरटी पाच धरली तर घरे लाखाच्या जवळपास होतात. म्हणजे जिल्ह्यातला प्रत्येक दगड वाटून टाकला तरी चार घरांतल्या तिघांच्या पूर्वजाकडे ती शंभर एकर असणे शक्य नाही. शिवाय शंभर एकर रान एकट्या मालकाच्याने नांगरून होत नाही. तिथे बैलांच्या चार जोड्या आणि त्यांच्यामागे चार सालगडी लागतातच. त्यांच्या पणतवंडांनाही आज तीच शंभर एकर आठवते. आठवण खोटी म्हणता येत नाही. ते शिवार नांगरले होते त्यांच्याच पणजोबांनी. पट्ट्यावर नाव तेवढे दुसऱ्याचे होते.